कुंडी आधी हातात घ्या, मग पाणी घाला: डोंबिवलीच्या ग्रिलमधलं झेब्रा हॉवर्थिया

आमच्या घरी पहिलं रोप आलं ते २०१७ च्या मे महिन्यात. भाची पुण्याहून आली होती, तिने वर्तमानपत्रात गुंडाळून आणलेलं. मुठीत मावेल एवढं रोप, गडद हिरवी निमुळती पानं एकाच मध्यातून चहूकडे फुललेली, आणि पानांच्या पाठीवर पांढऱ्या ठिपक्यांचे आडवे पट्टे. बोट फिरवलं की ते ठिपके खसखशीसारखे खरखरीत लागतात. "मावशी, याला काही करायचं नाही, महिन्यातून एकदा पाणी," एवढं सांगून ती गेली.

सासूबाई तेव्हा होत्या. रोज सकाळी तुळशीला पाणी घालायचा त्यांचा नेम. तांब्याच्या तळाशी उरलेलं पाणी वाया जाऊ नये म्हणून त्या शेजारच्या या कुंडीत ओतायच्या. एखादं झाड तहानलेलं ठेवायचं ही गोष्ट त्यांच्या मनाला पटणारी नव्हती, आणि मलाही तेव्हा तशी पटलेली नव्हती. जुलै संपत आला तरी रोप हिरवंगार दिसत होतं. मग एके दिवशी खिडकी पुसायला म्हणून कुंडी सरकवताना पानांना धक्का लागला आणि रोप अख्खंच्या अख्खं माझ्या हातात आलं. खाली एकही मूळ नव्हतं. बुडाशी तपकिरी, ओला, आंबूस वासाचा गोळा. वरून जिवंत दिसणारं झाड खालून कधीच गेलेलं होतं.

तेव्हापासून या एका जातीच्या मागे लागले. आज माझ्याकडे अशी एकवीस रोपं आहेत, सगळी तिसऱ्या मजल्यावरच्या पूर्वेच्या ग्रिलमध्ये आणि त्याला लागून असलेल्या खिडकीत. डोंबिवलीत पाऊस दोन हजार मिलिमीटरच्या वर पडतो आणि चार महिने भिंतीसुद्धा वाळत नाहीत. अशा ठिकाणी हे रोप कसं सांभाळायचं, ते लिहिते. घाटावर राहणाऱ्यांना यातलं बरंचसं सोपं जाईल.

हे रोप मूळचं दक्षिण आफ्रिकेचं. तिथल्या केप भागात झुडपांच्या आडोशाला, गवतात, खडकांच्या फटीत ते वाढतं. कोरफडीचं ते चुलत भावंड, दोघं एकाच कुळातली. हॉवर्थिया हे नाव एड्रियन हार्डी हॉवर्थ या इंग्रज वनस्पती-अभ्यासकावरून १८०९ साली दिलं गेलं. पुढे २०१३ मध्ये पट्ट्यापट्ट्यांच्या कडक पानांच्या जाती वेगळ्या काढून त्यांना हॉवर्थिऑप्सिस हे नाव मिळालं, पण नर्सरीत अजून सगळे हॉवर्थियाच म्हणतात, मीही तेच म्हणते. आपल्याकडे मिळणारं झेब्रा बहुतेक वेळा ॲटेन्युएटा जातीचं असतं, पाटीवर मात्र फॅसिएटा लिहिलेलं असतं. ओळखायचं कसं? पानाची आतली, वरची बाजू बघा. तिथेही बारीक पांढरे दाणे असतील तर ॲटेन्युएटा. आतली बाजू गुळगुळीत असेल तर फॅसिएटा, पण ते क्वचितच हाती लागतं. देखभाल दोघांची सारखीच.

आता कुणी विचारेल, फुलासारखी दिसणारी सक्युलंट, म्हणजे जाड पानांत पाणी साठवणारी झाडं, तर कितीतरी आहेत, हेच का? निळसर, जाड, पाकळ्यांसारख्या पानांचं एचेव्हेरिया मी दोनदा आणलं. ते मुख्यतः मेक्सिकोच्या डोंगराळ भागातलं झाड. त्याला भरपूर ऊन, कोरडी हवा आणि गार रात्र लागते. दोन्ही वेळा जुलैत आतून विरघळून गेलं. पुण्याला, नाशिकला काळजी घेतली तर जमतं, कोकणपट्टीत फार जड जातं. हॉवर्थियाला थेट ऊन फारसं लागत नाही, फ्लॅटच्या खिडकीतला उजेड पुरतो. मांजर-कुत्रं असलेल्या घरातही ते चालतं, विषारी नाही.

नर्सरीतून आणताना

रोप निवडताना पानांच्या रंगाआधी बूड बघा. कुंडी एका हातात धरून दुसऱ्या हाताच्या दोन बोटांनी रोप अगदी हलकेच डोलवा. घट्ट बसलेलं असेल तर मुळं आहेत. सैल डुलत असेल तर ठेवून द्या, स्वस्त दिलं तरी नको. सर्वांत खालची पानं दाबून बघा. वाळलेली, कागदासारखी असली तर चिंता नाही, जुनी पानं अशीच वाळतात. जेलीसारखी मऊ लागली तर कुज सुरू झालेली आहे. पानांच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं काही दिसलं तर ते पिठ्या ढेकूण, ते रोप घरी आणलंत तर बाकीच्यांनाही देईल. काही ठिकाणी पानांना निळा-गुलाबी रंग फासलेली रोपं विकायला असतात, वर गोंदाने चिकटवलेले रंगीत खडे असतात. रंगाखाली पानाला उजेड मिळत नाही आणि चिकटलेल्या खड्यांखाली माती कधी वाळते ते कळत नाही. मी ती घेत नाही.

घरी आणल्यावर आठवडाभर वेगळं ठेवा, बाकीच्या कुंड्यांपासून दूर. मग ते कोकोपीटमधून, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशातून काढा. हे काम टाळू नका. नर्सरीवाल्यांना कोकोपीट सोयीचं असतं, हलकं आणि स्वस्त. पण आपल्या पावसाळ्यात ते वाळतच नाही, आणि उन्हाळ्यात एकदा पूर्ण वाळलं की पाणी आत घेत नाही, पाणी कडेने वाहून जातं आणि आपल्याला वाटतं घातलं. कोकोपीट बोटांनी मोकळं करताना मध्यभागी कधी कधी जाळीदार कापडाची बारकी पिशवी किंवा स्पंजचा तुकडा सापडतो. रोप लहान असताना त्यात लावलेलं असतं. तो हळूहळू कातरून काढायचा. माझ्या दोन रोपांची मुळं त्या पिशवीतच गुदमरलेली होती.

मिश्रण

माझं माप असं: चार वाट्या विटांचे खडे, दोन वाट्या पर्लाइट (पांढरे, हलके, फुगवलेले खनिज दाणे), एक वाटी गांडूळखत, एक वाटी लाल माती. सगळं परातीत घेऊन कोरडंच कालवायचं.

विटा भट्टीच्या, जुन्या, लाल. इमारतीचं काम चालू असेल तिथे तुकडे मागितले तर कुणी नाही म्हणत नाही. सिमेंट लागलेला तुकडा घेऊ नका. गोणपाटात घालून वरवंट्याने फोडायचे. हरभऱ्यापेक्षा मोठा खडा नको, आणि पिठाच्या चाळणीतून गळून पडेल तो चुरा नको. तो चुरा ओला झाला की चिखल होतो आणि खड्यांमधली हवेची जागा बुजवतो. चुरा मी गुलाबाच्या कुंडीत टाकते. विटेचा खडा थोडं पाणी स्वतःच्या पोटात धरतो आणि दोन खड्यांमध्ये हवा खेळती ठेवते ती फट असते. मुळांना दोन्ही लागतं. वीट नको असेल तर बारीक खडी चालेल, पण ती पाणी धरत नाही, मग खत-माती अर्धी वाटी वाढवा. समुद्राची वाळू अजिबात नको, तिच्यात मीठ असतं. काळी माती नको, ती ओली चिकट आणि वाळली की दगड.

कुंडीच्या तळाला खापऱ्यांचा किंवा खड्यांचा थर द्यायची आपल्याकडे पद्धत आहे, पाण्याचा निचरा चांगला होतो म्हणून. प्रत्यक्षात त्याचा उपयोग होत नाही. पाणी बारीक मिश्रणातून एकदम मोठ्या खड्यांच्या थरात उतरत नाही, त्या थराच्या वरच अडून राहतं. म्हणजे ओला पट्टा मुळांच्या आणखी जवळ येतो. त्यापेक्षा वरपासून खालपर्यंत एकच मिश्रण भरा. भोकावर जुन्या मच्छरदाणीचा चौकोनी तुकडा ठेवला की पुरे.

कुंडी रोपापेक्षा बोटभरच मोठी. आठ सेंटिमीटर पसरलेल्या रोपाला चार इंची कुंडी होते. मोठ्या कुंडीत मुळं पोचत नाहीत तिथली माती ओलीच राहते. कोकणात मातीची कुंडी बरी, तिच्या अंगातून ओल निघून जाते. नागपूरकडे, मराठवाड्यात उन्हाळ्यात मातीची कुंडी फार लवकर सुकते, तिथे प्लॅस्टिकची चालेल. काचेच्या बाऊलमध्ये, भोक नसलेल्या कपात हे रोप लावू नका, दिसायला कितीही छान दिसलं तरी.

लावल्यावर लगेच पाणी नाही. मुळांना थोड्या जखमा झालेल्या असतात, त्या सुकायला पाच-सहा दिवस द्या.

पाणी

मी टपाल खात्यात होते. बत्तीस वर्षांतली बरीच वर्षं काउंटरवर पाकिटं आणि पार्सलं तोलण्यात गेली. पाकीट हातात आलं की ते वीस ग्रॅमच्या आत आहे की बाहेर, हे काट्याआधी हाताला कळायचं. दुसरं रोप आणलं तेव्हा ही सवय उपयोगी पडली. "आठवड्यातून एकदा", "पंधरा दिवसांतून एकदा", "महिन्यातून चमचाभर", प्रत्येकाने वेगळंच सांगितलं होतं. मी म्हटलं, माती वाळली की नाही ते वरून दिसत नाही, बोट घातलं तर मुळं दुखावतात, पण पाण्याला वजन तर असतं. स्वयंपाकघरातला काटा घेतला आणि कुंडी ठेवली.

पद्धत सोपी आहे. मिश्रणात लावलेल्या रोपाची कुंडी पूर्ण कोरडी असताना तोला. मग तळातून वाहीपर्यंत पाणी घाला, पंधरा मिनिटं निथळू द्या, पुन्हा तोला. माझ्या एका चार इंची कुंडीचे आकडे ४३० आणि ५३५. म्हणजे शंभर ग्रॅमच्या आसपास पाणी त्या कुंडीत मावतं. हे दोन आकडे आइस्क्रीमच्या लाकडी काडीवर पेन्सिलीने लिहून काडी कुंडीत खोचली. पेन्सिलच, शाई पावसात आणि उन्हात उडते. आता जेव्हा कुंडी ४४० च्या खाली येते, तेव्हा आणखी दोन-तीन दिवस थांबायचं आणि मग पुन्हा पोटभर पाणी. मधल्या काळात थेंबही नाही.

याच कुंडीला ५३५ वरून ४४० वर यायला जानेवारीत दहा-अकरा दिवस लागले. ऑगस्टमध्ये तेवीस लागले, तेही खोलीत पंखा चालू असताना. वारावर पाणी घातलं असतं तर ऑगस्टमध्ये काय झालं असतं ते उघड आहे. म्हणून मी कुणालाही दिवस सांगत नाही.

दर वेळी काटा काढायला लागत नाही. महिनाभर केलंत की हात शिकतो. रोज सकाळी चहा होईपर्यंत मी एकेक कुंडी उचलून ठेवते, तेवढ्यात कळतं. ज्यांच्याकडे काटा नाही त्यांनी विझलेल्या उदबत्तीची काडी स्वच्छ पुसून कुंडीच्या कडेने तळापर्यंत खुपसावी, दहा मिनिटांनी काढून गालाला लावावी. गार लागली तर आत ओल आहे.

आणखी एक गोष्ट हे वजन सांगतं, आणि माझ्या मते ती सगळ्यांत महत्त्वाची. पानं पातळ झाली, आत वळली, रोप मूठ आवळल्यासारखं दिसू लागलं, की आपण लगेच पाणी घालतो. आधी कुंडी उचला. हलकी असेल तर रोप तहानलेलं आहे, पाणी द्या, तीन-चार दिवसांत पानं भरतील. जड असेल तर? मग पाणी भोवती आहे आणि रोपाला पिता येत नाही, कारण मुळं गेली आहेत. अशा वेळी आणखी पाणी घातलंत की संपलं. वरून दोन्ही रोपं अगदी सारखी दिसतात.

पाणी घालताना ते मिश्रणावर, कडेने घाला. मध्यातल्या कोवळ्या पानांच्या खोलगटात थेंब साचला तर टिश्यूच्या टोकाने टिपून घ्या. स्प्रेने फवारू नका, त्याने मुळांना काही मिळत नाही, पानांच्या बेचक्यात मात्र ओल राहते. चमचाभर पाण्याचंही तसंच, वरचा थर ओला होतो आणि खालची मुळं कोरडीच राहून वाळतात. ताटलीत उतरलेलं पाणी ओतून द्या. एप्रिल-मेमध्ये नळाचं पाणी गच्चीच्या टाकीतून हात पोळेल एवढं गरम येतं, ते थेट घालू नका. मी रात्रीच बादली भरून ठेवते. बोअरिंगचं पाणी असेल तर मिश्रणावर पांढरी पुटं चढतात, पावसाचं पाणी भरून ठेवलेलं बरं.

आपल्याकडचे तीन ऋतू

हे रोप आपल्याकडे वाढतं ते दसऱ्यापासून होळीपर्यंत. हे लक्षात यायला मला दोन वर्षं लागली, कारण झाडं पावसाळ्यात वाढतात हे लहानपणापासून डोक्यात बसलेलं. हॉवर्थिया आपल्या पानांवरची छिद्रं रात्री उघडतं, दिवसा मिटून ठेवतं. पाणी वाचवायची ती त्याची युक्ती. रात्र गार असली की त्याचं काम नीट चालतं. आपल्या मे महिन्यातल्या रात्री घामेजलेल्या, उकाड्याच्या. मग ते थांबून राहतं.

दसरा झाला की कुंडी बदलणं, पिल्लं वेगळी करणं, सगळी कामं करून घ्यायची. दिवाळीनंतर एकदा द्रवखत, बाटलीवर लिहिलेल्या मापाच्या पाव पट. एवढंच खत वर्षाला पुरतं. जास्त दिलं तर पानं फुगीर आणि नाजूक होतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी मध्यातून नवी, टोकदार, उजळ हिरवी पानं निघताना दिसतात. वेग मात्र बेताचाच. माझं दुसरं रोप चार सेंटिमीटरचं होतं, ते आठ सेंटिमीटर व्हायला तीन वर्षं लागली.

होळीनंतर पाण्याचं अंतर वाढवा. ४४० वर आल्यावर हिवाळ्यात तीन दिवस थांबत असाल तर आता आठवडा थांबा, आणि पाणी संध्याकाळी, ऊन उतरल्यावर. खालची दोन-चार पानं वाळतील, रोप थोडं आवळून बसेल. बसू द्या.

मृग लागायच्या आधी सगळ्या कुंड्या ग्रिलमधून आत येतात. यात मी एक दिवसही उशीर करत नाही. २०१९ मध्ये "अजून पाऊस कुठे आहे" म्हणत राहिले, आणि एका रात्रीच्या सरीत सहा कुंड्या चिंब झाल्या, त्यातली दोन रोपं गेली. वरचं पत्र्याचं छप्पर उभा पाऊस अडवतं, पण वाऱ्याबरोबर आडवा येणारा अडवत नाही. आत खिडकीशी, दोन कुंड्यांमध्ये चार बोटं जागा सोडून ठेवते, म्हणजे हवा फिरते. दिवसातून काही तास पंखा चालूच असतो. जुलै-ऑगस्टमध्ये आकड्यावर आलेल्या कुंडीलाही मी नेहमीच्या निम्मंच पाणी देते, पूर्ण भिजवण्याच्या नियमाला हा एकच अपवाद. आणि आभाळ सलग भरलेलं असेल तर तेही नाही. हवेतल्या ओलीमुळे पानातून पाणी फार कमी जातं, महिनाभर पाणी नसलं तरी रोप टिकतं.

उजेडाचं थोडक्यात. पूर्वेचं सकाळी नऊपर्यंतचं कोवळं ऊन उत्तम. दुपारचं पश्चिमेचं ऊन पडलं तर पानं आधी तांबूस-तपकिरी होतात. तो इशारा समजून सावलीत आणा, दोन-तीन महिन्यांत रंग परत येतो. पांढरट, वाळका डाग पडला तर तो भाजल्याचा, तो जात नाही. उजेड कमी पडला तर पानं लांबट, फिकी होऊन पसरतात, फुलाचा तो घट्ट आकार मोडतो. लांबलेलं पान पुन्हा आखूड होत नाही, पण नंतरची नवी पानं नीट येतात.

मुळं कुजली तर

कुंडी जड आणि पानं सुरकुतलेली, असं दिसलं की त्याच दिवशी रोप बाहेर काढा. उद्यावर टाकू नका. वर्तमानपत्र पसरा, कुंडी आडवी करून थोपटा आणि रोप मिश्रणासकट बाहेर सरकू द्या. ओढू नका. मिश्रण झाडून मुळं मोकळी करा आणि एकेक मूळ दोन बोटांत धरून हलकेच ओढून बघा. जिवंत मूळ पांढरट किंवा फिकट पिवळं, भरलेलं, शेवयांपेक्षा थोडं जाड असतं, ते ओढलं तरी धरून राहतं. मेलेलं मूळ पोकळ असतं. त्याची साल हातात येते आणि आत केसासारखा एक दोरा उरतो. असं सगळं कापून टाका. हॉवर्थिया दरवर्षी आपली काही जुनी मुळं स्वतःच टाकतं आणि नवी काढतं, त्यामुळे थोडी पोकळ मुळं दिसली तर घाबरायचं कारण नाही. वास बघा. कोरड्या जुन्या मुळांना वास नसतो, कुजलेल्यांना असतो.

सगळीच मुळं गेली असतील तर खालची मऊ पानं एकेक करून बाजूला वळवून काढा. मध्यात बुंधा दिसेल, अंगठ्याच्या नखाएवढा. नवं ब्लेड स्पिरिटने पुसून बुंध्याची पातळ चकती कापा आणि काप बघा. तपकिरी ठिपका दिसला तर आणखी एक चकती. प्रत्येक कापाआधी ब्लेड पुन्हा पुसा, नाहीतर कुज तुम्हीच वर नेता. काप पूर्ण पांढरा, स्वच्छ, कच्च्या बटाट्यासारखा दिसला की थांबा. माझ्या एका रोपाच्या पाच चकत्या काढाव्या लागल्या होत्या, शेवटी वर नऊ पानं उरली. ते रोप आज खिडकीत सर्वांत मोठं आहे.

कापाला बरेच जण हळद लावतात. लावा, न लावली तरी चालते. खरं औषध कोरडी हवा. सावलीत, वाऱ्यावर, चहाच्या रिकाम्या कपाच्या तोंडावर रोप बसवून ठेवा, काप खाली अधांतरी राहील असं. आठ दिवसांत तो सुकून कडक होतो, बोटाच्या नखाने टकटक केली तर आवाज येतो. पावसाळा असेल तर बारा दिवस ठेवा. मग कोरड्या मिश्रणावर नुसतं टेकवून ठेवा, हलू नये म्हणून बाजूने दोन खडे लावा. आठवड्याने कुंडीच्या कडेने थोडं पाणी, अंदाजे दोन चहाचे चमचे, आणि दर आठवड्याला तेवढंच. हिवाळ्यात तीन ते सहा आठवड्यांत मुळं येतात. आलीत की नाही ते बघायला सारखं उचलू नका. मधलं पान हलकेच वर ओढून बघा, धरून ठेवलंय असं वाटलं की मुळं आली.

पिठ्या ढेकणांचं सांगते. मुंग्यांची रांग कुंडीकडे जाताना दिसली की आधी तेच शोधा, त्यांच्या गोड स्रावासाठी मुंग्या येतात. कान साफ करायची कापसाची काडी सर्जिकल स्पिरिटमध्ये बुडवून एकेका किड्याला टेकवा, संध्याकाळी, ऊन नसताना. चार-पाच दिवसांनी पुन्हा, आणि पुन्हा, कारण अंडी उरतात. कुंडीच्या आतल्या भिंतीला पांढरी भुकटी दिसली तर कीड मुळांवर आहे. मग मिश्रण फेकून द्या, मुळं वाहत्या पाण्याखाली धुवा, कुंडी उकळत्या पाण्याने धुवा, रोप चार दिवस सुकवा आणि नव्याने लावा.

पिल्लं

तीन-चार वर्षांच्या रोपाच्या बुडाशी पिल्लं येतात. पानफुटीचं पान नुसतं मातीवर ठेवलं की कडेने रोपं फुटतात, तसं इथे होत नाही. पानापासून रोप करता येतं, पण पान बुडाच्या पांढऱ्या भागासकट यावं लागतं आणि वर्षभर धीर धरावा लागतो. पिल्लू सोपं. ते निदान अडीच-तीन सेंटिमीटरचं होऊ द्या, म्हणजे त्याला स्वतःची मुळं असतात. कुंडी बदलताना आई आणि पिल्लू यांच्यामधला दांडा बोटाने चाचपा आणि पिल्लू बाजूला वळवा, बहुतेक वेळा आपोआप सुटतं. चार-पाच दिवस सावलीत ठेवून अडीच इंची कुंडीत लावा.

फेब्रुवारी-मार्चमध्ये मध्यातून तारेसारखा बारीक दांडा निघतो, वीतभर, कधी हातभर लांब. त्यावर तांदळाच्या दाण्याएवढ्या कळ्या लागतात. फूल पांढरं, पाकळीच्या पाठीवर हिरवट-तपकिरी रेघ, टोकाशी पाकळ्या दोन ओठांसारख्या मागे वळलेल्या. भिंग घेऊन बघा, नुसत्या डोळ्यांना ते कळत नाही. रोप आजारातून उठलेलं असेल तर दांडा लहान असतानाच कापा. नाहीतर वाळून गवताच्या काडीसारखा होऊ द्या, मग तो हलक्या हाताने आपोआप निघतो. हिरवा ओढलात तर मधली पानं फाटतात.

या दिवाळीनंतर सात पिल्लं निघाली. एक भाचीकडे पुण्याला गेलं, एक समोरच्या काकूंना दिलं. काकूंची तुळस त्यांच्या दारातच आहे आणि त्यांचा तांब्याचा नेमही आमच्या सासूबाईंसारखाच. म्हणून देताना कुंडी त्यांच्या हातात दिली, आधी कोरडी. मग त्यांच्याच मोरीत पाणी घालून निथळली आणि पुन्हा हातात दिली. काडीवर लिहून ठेवलंय: १२४, १५३.